एका कमांडच्या दोन कमांडी

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास नारायणगावात खतांच्या दुकानावरच्या माळ्यावर मी नोकरी करत होतो. खाली युरिया, वर सॉफ्टवेअर. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कुठल्या खोलीचं तापमान किती आहे ते कॉम्प्युटरवर दाखवायचं आणि वाढलं की बोंब मारायची, एवढं आमचं सॉफ्टवेअर करायचं. आम्ही तिघंच होतो. पुण्यात काही वर्षं काढून गावाकडे परतलेले आमचे सर, घोडेगावहून रोज एसटीने येणारी एक मुलगी, आणि पिंपळवंडीहून मोटारसायकलवर येणारा मी. ती मला दादा म्हणायची, मी तिला ताई. वयाने ती माझ्यापेक्षा लहान आणि डोक्याने मोठी होती.

केलेल्या कामाच्या जुन्या-नव्या प्रती जपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर सरांना पुण्याच्या मित्राने दिलं. ते बसवायच्या दिवशी सरांनी सर्व्हरपुढे नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं आणि स्पेसबार कायमचा चिकट झाला. "आता काम हरवणं बंद," असं सरांनी जाहीर केलं. बसवायचं आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी पुस्तिका वाचायचा कंटाळा न येणारा मी एकटाच होतो. अर्धी वाचल्यावर मलाही आला.

त्यात चेकआउट नावाची एक कमांड होती. एका शब्दाला दोन अगदी वेगळी कामं जोडून दिली होती. एक म्हणजे या ब्रँचवरून त्या ब्रँचवर जायचं. ब्रँच म्हणजे त्याच कामाची वेगळी चालवलेली प्रत. दुसरं, फाइलमध्ये केलेले बदल फेकून देऊन जुनी फाइल परत आणायची. 'मळ्यात जा' आणि 'मळा पेटव' याला एकच शब्द असावा तसं. आपल्याला यातलं काय हवंय, ते पुढे लिहिलेल्या नावावरून कमांड स्वतःच ठरवायची. ठरवल्यावर विचारायची पद्धत तिच्यात नव्हती.

त्यात मी भर घातली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाइलींचं फोल्डर गावाच्या नावाने होतं: ओतूर, खोडद, पिंपळवंडी. मग ब्रँच काढायची वेळ आली तेव्हा मला दुसरं नाव सुचलं नाही, म्हणून ब्रँचलाही गावाचंच नाव दिलं.

खोडदच्या कोल्ड स्टोरेजमधले मशिन सांभाळणारे काका सातवीपर्यंत शिकलेले. आमच्या प्रोग्रॅममधून 'एरर चार' असं आलं की ते सरळ कॉम्प्युटर बंद करायचे. म्हणून ताई तिथं जाऊन बसली, तिने काकांच्या तोंडून शब्द गोळा केले आणि चार दिवस खपून सगळे इशारे मराठीत लिहिले. 'दोन नंबर तापलीय, दार बघा.' 'लाइट गेली, जनरेटर लावा, मग चहा प्या.' हे सगळं तिने खोडदच्या फोल्डरात केलं, पण त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये जमा केलं नव्हतं, म्हणजे त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. काम पुरं झाल्याशिवाय जमा करायचं नाही, हा सरांचा नियम होता.

पाचव्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. आता खोडदच्या ब्रँचवर जायचं आणि तिथं जमा करायचं, म्हणून तिने चेकआउट लिहिलं, पुढे खोडद लिहिलं आणि एंटर दाबलं. ती ब्रँच मी माझ्या मशिनवर काढली होती, तिच्या मशिनवर ती आलीच नव्हती. खोडद नावाचं फोल्डर मात्र होतं. कमांडने ब्रँच शोधली, सापडली नाही, फोल्डर सापडलं. कमांडने त्यातलं चार दिवसांचं काम पुसलं आणि मुकाट्याने पुढच्या हुकमाची वाट बघत बसली.

ताईने फाइल उघडली. बंद केली. परत उघडली.

"दादा, इथं 'एरर चार' आलंय परत," ती म्हणाली.

मी जाऊन बघितलं. काय झालंय ते मला लगेच कळलं.

सर उठून आले. "मॅडम, कमांड देण्याआधी वाचायचं असतं. टूलचा काय दोष न्हाई. जगात लाखो लोक वापरत्यात."

"लाखो लोकांचं काम जातच असंल मग," ताई म्हणाली. "जायला आणि पुसायला एकच शब्द कुणी ठेवला? आमच्या घरी 'ये' म्हणायला आणि 'चालता हो' म्हणायला येगळे शब्द हायेत."

मोठी माणसं विचार करूनच करतात, असं काहीतरी सर म्हणाले आणि खाली युरियावाल्याकडे चहाला गेले. नावांचा घोळ माझा होता, हे मी तेव्हा बोललो नाही. पुसलेलं परत मिळतं का ते तासभर शोधायचं नाटक केलं. मिळत नाही, हे मला पहिल्या मिनिटालाच माहीत होतं.

तिने दुसऱ्या दिवसापासून सगळं आठवून परत लिहायला घेतलं. मी समोर बसून दोन छोट्या कमांडी तयार केल्या. आत तेच चेकआउट होतं, पण दारं दोन. पहिलीचं नाव 'जा'. ती फक्त ब्रँच बदलायची. त्या नावाची ब्रँच नसली तर 'अशी ब्रँच नाही' म्हणून थांबायची, फाइलला हात लावायची नाही. दुसरीच्या नावावरून दिवसभर वाद झाला.

मी म्हणालो, "'परत आण' ठेवू."

"नको. ऐकायला लई चांगलं वाटतंय, माणूस सहज दाबंल," ताई म्हणाली. "त्यात जातं काय ते नावात पायजे. 'घालव' ठेवा."

'घालव' ठेवलं. ती आधी कुठल्या फाइलींतले बदल जाणार त्यांची नावं दाखवायची, मग 'खरंच घालवू का?' विचारायची, आणि 'हो' असा पूर्ण शब्द लिहिल्याशिवाय हलायची नाही. सरांना हा पोरखेळ वाटला. आठवड्याभराने सरांच्या टेबलामागून जाताना मी डोकावलो. स्क्रीनवर प्रश्न होता, त्याच्या वर त्यांच्याच दिवसभराच्या फाइलींची यादी. सरांनी सावकाश 'नाही' लिहिलं. मी मागे उभा आहे हे बघून म्हणाले, "टेस्ट करत व्हतो." अपुरं कामही जमा करायला हरकत नाही, असा नवा नियम त्या संध्याकाळी निघाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या सॉफ्टवेअरच्या मूळ कर्त्यांनीही चेकआउटच्या दोन कमांडी केल्या. नावं मात्र सभ्य ठेवली.

ताईचं काम दीड दिवसात परत झालं आणि पहिल्यापेक्षा आटोपशीर झालं. ते बसवायला आम्ही पुढच्या आठवड्यात मोटारसायकलवरून खोडदला निघालो. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना दिसायला लागल्या तिथं मी गाडी हळू केली आणि बोलून टाकलं.

"ताई, ब्रँचला फोल्डरचंच नाव मी दिलं व्हतं. चूक माझी व्हती."

"म्हाईत हाय," ती मागून म्हणाली. "कुणी कधी काय केलं ते सगळं लिवलेलं असतं त्यात. त्याच दिवशी तुमच्या मशिनवर बघितलं."

"मग तुमी बोलला का नाय?"

"तुमी कवा बोलताय ते बघत व्हते. नऊ दिवस लावले."

मी गिअर बदलला.

कोल्ड स्टोरेजमध्ये काका टोपी सारखी करून कॉम्प्युटरसमोर बसले. ताईने मुद्दाम दोन नंबरच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लावलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर ओळ उमटली. काकांनी बोट ठेवून ती शब्द शब्द वाचली आणि उठून दार लावून आले.

"बराबर बोलतंय," ते म्हणाले. मग ताईने दाखवलेल्या सगळ्या इशाऱ्यांच्या यादीत चहाची ओळ वाचून तिच्याकडे वळले. "पण हे काढा, पोरी. मालक वाचतील."

ताईने ती ओळ काढली, बदल लगेच जमा केला, आणि आम्ही तिघांनी मालक यायच्या आत चहा प्यायला.