शाळेला आठवी लागली

मी सातवी पास झाले आणि माझी शाळा संपली, कारण गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. पुढचं हायस्कूल दवनीवाड्याला. मधे जंगल नाही, नदी नाही, सरळ डांबरी रस्ता. पण एकट्या पोरीनं त्या रस्त्यानं रोज जायचं हे बाबांना पटेना, आणि माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याच पोरीला घरचे पाठवत नव्हते. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. लहान बहीण दप्तर घेऊन सातवीत गेली आणि मी मायसोबत भाताच्या बांधीत धानाच्या रोपांचा रोवणा करायला गेले.

शाळेची फार आठवण यायची असं म्हणता येणार नाही. सुरुवातीला तर बरंच वाटलं. पण दिवाळीनंतर धान घरी आलं, हाताला काम उरलं नाही, आणि आत्या येऊन मला वरपासून खालपर्यंत पाहू लागली. ‘‘मोठी दिसून राहिली हो आता,’’ म्हणायची. माय उठून चुलीपाशी जायची. मला त्या बोलण्याचा अर्थ कळत होता. रात्री बहीण पुस्तक उघडून बसली की मी मुद्दाम दुसरीकडे तोंड करून झोपायची.

पुढच्या उन्हाळ्यात मोठे गुरुजी, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, घरी आले. बाबा अंगणात बाज विणत होते.

‘‘दादा, शाळेले आठवी लागली,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘लहानीले तर बसवाच, पण मोठीलेही पाठवा.’’

‘‘मोठी तर वर्षभरापासून घरी आहे, गुरुजी. आता तिले कायले?’’

‘‘खोटं नाई सांगत. पोरं कमी पडून राहिले. पट भरला नाई तर वर्ग जाईल, मंग लहानीही घरीच बसंल.’’

बाबा हसले. ‘‘म्हणजे मोजाले नेऊन राहिले तुम्ही हिले.’’

‘‘मोजाले नेतो. शिकवीनही.’’

‘‘पण एका वर्षानं होते का, गुरुजी? सातवीवाल्याले नोकरी नाई अन् आठवीवाल्याले भेटते, असं आहे का?’’

गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. ‘‘ते मले नाई सांगता येत,’’ म्हणाले.

मग दारात उभी असलेली माय बोलली. बाहेरच्या माणसासमोर ती सहसा बोलत नसे.

‘‘शाळेत जाते म्हटलं का एक वर्ष कोणी लग्नाचं बोलणार नाई. मले तेवढंच पुरे.’’

बाबांनी बाजेची दोरी ओढून गाठ मारली. म्हणाले, ‘‘जाऊ दे मंग.’’

अशी मी धाकट्या बहिणीच्या वर्गात गेले. वर्ग म्हणजे खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायची खोली होती. पोती एका भिंतीला लावून तिथं सतरंज्या अंथरल्या. मी सगळ्यांत उंच, म्हणून मला मागं बसवलं. पहिल्याच दिवशी फळ्यावर उणे संख्या आल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी सगळं विसरले आहे. बहिणीनं पुढून वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर सांगितलं. घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही. जेवण झाल्यावर तीच पाटी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.

‘‘रागाव मंग, पण आधी हे समजून घे,’’ म्हणाली.

त्या दिवसापासून ती मला गणित सांगायची आणि मी तिचे निबंध तपासायची.

आठवीसाठी गणित-विज्ञानाचे वेगळे शिक्षक दिवाळीपर्यंत आलेच नाहीत. मोठे गुरुजीच शिकवायचे. कधी एखादं उदाहरण अर्ध्यात अडलं की खडू खाली ठेवून म्हणायचे, ‘‘हे उद्या सांगतो.’’ आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचे. मग गोंदियाहून एक बाई आल्या. अर्ध्या हिंदीत शिकवायच्या, ‘‘समझा का नाही समझा?’’ असं विचारायच्या, आणि ‘‘नाही’’ म्हटलं तर चिडायच्या नाहीत. मी त्यांच्या तासाला मोठ्यानं ‘‘नाही’’ म्हणायला शिकले. वर्षभर घरात राहून माझा आवाज इतका बारीक झाला होता, की पहिल्यांदा तो माझा मलाच अनोळखी वाटला.

त्या वर्षानं काय दिलं, असं मला आज कुणी विचारलं तर आठवीतलं थोडंच सांगता येईल. बहीण आता नर्स आहे, मी नवऱ्यासोबत गोंदियात कापडाचं दुकान चालवते. यात आठवीचा वाटा किती, कोण जाणे. आमच्यासोबतची एक मैत्रीण आठवी करून थांबली आणि पुढं लवकरच तिचं लग्न झालं. मागच्या हिवाळ्यात ती दुकानात साडी घ्यायला आली, तेव्हा मी तिला हाच प्रश्न विचारला.

‘‘काय देईल?’’ ती साडीचा पदर उलगडत म्हणाली. ‘‘एक वर्ष दिलं. माह्यासाठी ते लय होतं.’’

मला मात्र पुढची वाट मिळाली, ती आम्ही दोघी होतो म्हणून. आठवी झाल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, ‘‘दोघी एका सायकलनं जासान तं जा.’’ ते आम्हाला घेऊन दवनीवाड्याला गेले. घरी बसलेल्या वर्षाबद्दल तिथं विचारतील, वय जास्त आहे म्हणतील, आणि बहिणीला ठेवून मला परत पाठवतील, असं मला वाटभर वाटत होतं. बाबाही वाटेत दोनदा थांबून कागद चाचपत होते.

कारकुनानं दोन्ही दाखले शेजारी ठेवले. एकदा आमच्याकडे पाहिलं.

‘‘दोघी आठवी पास. जुळ्या का?’’

‘‘नाई,’’ बाबा म्हणाले, ‘‘पाठोपाठच्या.’’

‘‘बरं. सोमवारी या, वह्या घेऊन.’’

एवढंच. पुढच्या माणसाला त्यानं आवाज दिला. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. समोरच्या ठेल्यावर आलूबोंडे तळत होते. बाबांनी ते आम्हाला दिले आणि स्वतः चहा घेतला. बहीण खाता खाता हसायला लागली, ‘‘जुळ्या म्हणे!’’ मग मलाही हसू आवरेना, आणि घरापर्यंत आम्ही हसतच आलो.