इंजिन गार होऊ दे

जर्मनीत, ड्युसबुर्गच्या मार्क्सलोह भागात याकूपला ओळखत नाही असा तुर्क माणूस सापडायचा नाही. पोलादाच्या कारखान्यात उभा जन्म भट्टीपुढे काढलेला हा माणूस, पण त्याचं नाव होतं ते तुर्कस्तानात गावी जायच्या रस्त्यासाठी. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की चहाच्या दुकानात लोक त्याला गाठायचे. कुठल्या नाक्यावर रांग कमी, बेलग्रेडच्या पुढे पेट्रोल कुठे भरावं, कुठे गाडी लावून डोळा लावू नये, सगळं तोंडपाठ. आता निम्मे लोक विमानानं जातात. याकूप त्यांना म्हणायचा, "सामान जातं तसे जाता लेको, माणूस जातो तसे जा की कधीतरी!"

या वर्षी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून लेक सेविलाय चालवणार होती, तिच्या नव्या गाडीतून. बाप बायकोमाघारी एकटा, वर काकू एकटी. दोघांना गावी पोचवणं आलंच. मे महिन्यातल्या एका दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसली. काकू फादिमे वरच्या मजल्यावरून घेवड्याच्या शेंगा घेऊन आली होती आणि त्या मोडत बसली होती.

"हे बघा बाबा. ऑस्ट्रिया, हंगेरी, मग रुमेनिया, मग बल्गेरिया. वाटेत कुठे पासपोर्ट काढायचा नाही. शेवटी हम्झाबेलीच्या छोट्या नाक्यातून थेट तुर्कस्तानात."

"सर्बियातून जायचं. आणि आत शिरायचं ते कापिकुलेच्या मोठ्या नाक्यातूनच."

"अहो, तिथे तासन्‌तास रांग असते!"

"रस्ता ओळखीचा आहे."

"रस्ता मोबाईल सांगतो."

"मोबाईल कधी गेला होता गं नीशला?"

फादिमे हसली, पण खाली मान घालून. सर्बियातल्या त्या नीश शहराचं नाव त्या घरात सहसा कुणी काढत नसे.

याकूपला एक मोठा भाऊ होता, दुरसुन. दुरसुन म्हणजे 'राहू दे'. आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईनं ते नाव ठेवलं होतं, आपल्याकडे धोंडू ठेवतात तसं. एका उन्हाळ्यात दोघे भाऊ दोन गाड्या घेऊन गावी निघाले. दुरसुनच्या गाडीत टीव्ही, धुलाई यंत्र, गालिचे असं छतापर्यंत ठासून भरलेलं. बायकोला बसायला जागा उरली नाही, म्हणून फादिमे दिराच्या गाडीत बसली. सगळ्यांचा नियम एकच होता: चुकामूक झाली तर पुढच्यानं नाक्यावर थांबायचं. नीशच्या पुढे घाटात याकूपच्या आरशात भावाच्या गाडीचे दिवे होते. एका वळणानंतर ते नव्हते.

तो मागे फिरून गेला. रस्ता रिकामा होता. दरीत काही नव्हतं, नदीत काही नव्हतं. मग नियमाप्रमाणे कापिकुलेच्या मैदानात दोघं थांबली, दोन दिवस. तीन देशांच्या पोलिसांनी कागद रंगवले. ना माणूस मिळाला, ना गाडी, ना त्या धुलाई यंत्राचा एखादा स्क्रू.

तेव्हापासून दरवर्षी याकूप त्याच वाटेनं गेला. सेविलाय लहान असताना तिला एवढंच कळायचं की नीश आलं की बाबा गाणी बंद करतात. मग वेग मंदावायचा. मागून कुणाचे दिवे चमकले की बाबांचा पाय आपोआप सैल पडायचा, आणि मागची गाडी हॉर्न मारत, शिव्या घालत पुढे निघून जायची. काकू मागच्या सीटवर डोळे मिटून असायची. कापिकुले ओलांडलं की बाबा मैदानात गाडी लावायचे आणि म्हणायचे, "जरा थांबू. इंजिन गार होऊ दे." दुपार कलायची, इंजिन कधीच गार झालेलं असायचं, आणि बाबा येणारी प्रत्येक गाडी बघत उभे असायचे. त्यांना कुणी हटकलं नाही. हटकणार तरी कोण?

"बरं, जाऊ कापिकुलेतून," सेविलाय शेवटी म्हणाली. "पण तिथे थांबायचं नाही हां."

"थांबावं लागतं बाळा. एवढं चालून आलेली गाडी. इंजिन जरा गार…"

"बाबा, माझी गाडी विजेची आहे. तिला इंजिनच नाही!"

ती हसत बोलून गेली आणि मग तिची तीच ओशाळली. याकूपनं नकाशावर ठेवलेलं बोट उचललं नाही. तो घाबरला होता; इतक्या वर्षांत त्याला दुसरं निमित्त शोधायची वेळच आली नव्हती.

"भाऊजी," फादिमे म्हणाली, "माझ्यासाठी थांबत असाल तर नका थांबू."

"म्हणजे?"

"मला ते मैदान सहन होत नाही. कधीच होत नव्हतं. तुम्हाला बरं वाटतं म्हणून बसून राहायचे मी गाडीत."

"मला?" याकूपचा आवाज चिरकला. "वहिनी, मी तर तुमच्यासाठी थांबत होतो! न थांबता पुढे गेलो तर तुम्ही म्हणाल, सख्ख्या भावानं सोडून दिलं."

"मी म्हणाले असते?"

"तुम्ही नसता म्हणाला. पण तुम्ही मागे बसलेल्या असायच्या ना."

सेविलायला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी रडूही आलं.

"रुमेनियातूनच जाऊ," याकूप म्हणाला. "छोट्या नाक्यानं."

लेकीनं मोबाईलमध्ये वाट बदलली. नीश गेलं, कापिकुले गेलं. याकूप त्या नव्या रेघेकडे बघत राहिला. आता त्या मैदानात कुणीच असणार नव्हतं. भाऊ आला तरी त्याला विचारणारं कुणी नव्हतं. बेपत्ता, हरवला, येईल, असं इतकी वर्षं म्हणत आलेल्या याकूपला त्या क्षणी पहिल्यांदा स्वच्छ कळलं की दुरसुन मेला.

फादिमे उठली. शेंगा बाजूला सारून तिनं कपाटातून रव्याचा डबा काढला, जाड बुडाच्या पातेल्यात लोणी सोडलं. त्यांच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं घरात रवा भाजून हलवा करतात. घरच्या प्रत्येकानं पळी हातात घ्यायची, मनात प्रार्थना म्हणायची. तो वास मेलेल्यापर्यंत पोचतो म्हणतात. सासूसाठी भाजला, जावेसाठी भाजला. दुरसुनच्या नावानं तिनं कधी भाजू दिला नव्हता.

रवा तांबूस होऊ लागला, खमंग वास घरभर पसरला. याकूप टेबलाला हात टेकून तसाच उभा होता. फादिमेनं त्याच्याकडे न बघता पळी पुढे केली.

"घ्या भाऊजी. हलवत राहा, खाली लागेल."