भोंगामावशीचे कान

भोंगामावशीला मागून हाक मारून उपयोग नाही, हे गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसालाही लवकरच कळतं. तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, तोंड उजेडाकडे करायचं आणि बोलायचं. आवाज काढला नाही तरी चालतो. उत्तर मात्र असं येतं की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा वर उचलून धरतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, थांबा, मावशींचं होऊ दे. आता स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसेल तर बाईने तो आवरायचा तरी कसा? भोंगा हे नाव त्यातूनच पडलं. तिच्या तोंडावर ते कुणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे. लोकांच्या ओठांवरून तिनेच वाचलंय.

तिचे कान मागांनी खाल्ले. लग्नाआधीपासून ती विणकामाच्या कारखान्यात होती. एका छपराखाली मागांच्या रांगाच रांगा, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतायत, पायाखालची फरशी हादरतेय. तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी फुकट. बायकांनी मग आपली तोड काढली. आवाज काढायचाच नाही, नुसत्या ओठांनी बोलायचं. तोंड मोठं उघडायचं, शब्द सावकाश सोडायचा, भुवया आणि हात मदतीला घ्यायचे. चार रांगा पलीकडच्या बाईला घरचं सगळं रामायण सांगून व्हायचं, सासूसकट. मुकादम मधून फिरायला लागला की त्याच्याकडे बघून गोड हसत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालायचा, आणि तो बापडा मान डोलवून पुढे जायचा. यंत्रांनी कान घेतले आणि जिवाभावाच्या मैत्रिणी दिल्या. सौदा बरा झाला की वाईट, असं कुणी विचारलं तर मावशी म्हणते, "सौदा करताना मला विचारलं होतं कुणी?"

पुढे नवे माग आले. त्यांचा आवाज कमी आणि त्यांना बायकाही कमी लागायच्या. शांत कारखान्यात काम करायचं सुख मावशीच्या नशिबी नव्हतं. तिला आणि तिच्या रांगेतल्या सगळ्यांना घरी बसवलं. त्यातलीच एक समोरच्या घरात राहते. तुटलेल्या धाग्याची गाठ तिच्याइतक्या झटक्यात कुणाला मारता यायची नाही, म्हणून ती गाठवाली. दोघींच्या खिडक्या समोरासमोर. मधून रिक्षा जातात, टेम्पो अडकतात, ड्रायव्हर एकमेकांच्या नावाने शंख करतात, आणि यांच्या गप्पा वरून चालूच. जित्याची खोड, दुसरं काय.

मावशीची एकुलती लेक लांबच्या शहरात असते. तिला बाळ झालं तेव्हा बाळंतपणाला तिची सासू होती. त्या माउलीने होईल तेवढं केलं आणि ती आपल्या घरी गेली. लेकीने त्याआधीच आईसाठी कानाचं मशीन पाठवलं होतं, चांगलं भारीतलं. मावशीने ते एकदा घातलं मात्र, आणि तिला वाटलं कुणीतरी डोक्यात भांड्यांची मांडणी उलटी केली. नळ, झाकण, चपला, सगळं अंगावर धावून आलं. तिने ते काढून डबीत ठेवलं. फोनवर लेक रोज विचारायची, "आई, मशीन घातलंयस ना?" आणि मावशी रोज ठणकावून सांगायची, "घातलंय गं बाई, घातलंय." व्हिडिओवर लेकीचे ओठ दिसत होते. तेवढ्यावर तिचं काम भागत होतं.

एका दुपारी असाच फोन चालला होता. बाळ मांडीवर, लेकीच्या डोळ्यांखाली काळं. तेवढ्यात जावई मागून येऊन काहीतरी म्हणाला. लेकीने बोट पुढे करून बटण दाबलं, आवाज बंद केला. आता आईला काही कळणार नाही, अशी तिची खात्री. मागावर काम करणाऱ्या बाईच्या पोटी जन्मली, पण बटणावर भरवसा ठेवायची सवय लागली की असं होतं. आवाज बंद झाला होता, तोंड समोरच होतं.

जावई म्हणाला, "सांग ना त्यांना. किती दिवस रेटणार आहेस?"

"नको. ती सगळं टाकून धावत येईल. इथे तिच्याशी बोलणार कोण? तिथे खिडकीत तिचं राज्य आहे. इथे दिवसभर भिंतीकडे बघत बसेल." एवढं म्हणून लेकीने डोळे पुसले. "पण मला झोप नाही रे. काल मला बाळाचा इतका राग आला की मी त्याला खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. मला माझीच भीती वाटते."

मग तिने बटण दाबलं, हसली आणि म्हणाली, "काही नाही गं आई, भाजी काय आणायची ते विचारत होता."

मावशीने ओठ वाचल्याचं दाखवलं नाही. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिली. जावं तर लेक म्हणाली ते खोटं नव्हतं. त्या परक्या गावात तिच्यासाठी तोंड उजेडाकडे कोण करणार? आणि न जावं तर पोरगी तिथे मोडतेय. अखेर ती उठून खिडकीत आली आणि तिने गाठवालीला सगळं सांगितलं, अर्थात ओठांनीच. गल्लीत कुणालाही काही कळलं नाही.

गाठवालीने सगळं बघून घेतलं. "जा," ती म्हणाली. "पण ती डबी घेऊन जा. बाळ ओठांनी बोलतं का? तू पाठ फिरवलीस की ते रडरड रडेल आणि तुला पत्ता नाही. लेकीला झोप द्यायला निघालीस, आणि तिलाच उठवून सांगावं लागेल, आई, बघ गं, बाळ रडतंय."

हे मावशीला लागलं, कारण ते खरं होतं. त्याच संध्याकाळी तिने मशीन कानात घातलं. गाठवाली मुद्दाम सवय करायला घरी आली आणि शेजारी बसून तोंडाने, आवाज काढून बोलली. उभा जन्म एका रांगेत काढला, पण मावशीने तिचा आवाज धड ऐकला नव्हता.

"असा आवाज आहे होय तुझा?" मावशी म्हणाली. "मला वाटलं जरा बरा असेल."

"आणि तुझा काय कोकिळेचा लागून गेलाय? हळू बोल, न्हावी माणसं कापेल."

मावशीने स्वतःचा आवाज ऐकला आणि ओशाळली. मग रोज सराव चालला. आधी डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, दोनदा तर मशीन भिंतीवर फेकायची वेळ आली. पण लेकीचा तो चेहरा आठवला की ती पुन्हा कानात घालायची. लेकीला तिने फोनवर एवढंच सांगितलं की इथे फार कंटाळा आलाय, थोडे दिवस तुझ्याकडे येते. लेक म्हणाली, "आई, तुला करमेल का इथे?" मावशी म्हणाली, "न करमायला काय झालं? नातवंड आहे ना?" खोटं दोघीही बोलत होत्या. मायेपोटी माणसं बोलतात तसलं.

ती पोचली त्या दुपारी बाळ झोपलं होतं. जावई कामावर. मावशीने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला म्हटलं, "तू आत जाऊन पड. मी आहे." लेक नाही नाही म्हणत आडवी झाली आणि उशीला डोकं टेकताच झोपली.

मावशी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, पाळण्याकडे पाठ करून. आणि आवाज आला. आधी नुसती कुरकुर, मग बारीक, तापट, सगळ्या जगावर रुसलेलं रडणं.

तिचे हात थांबले. लेक जन्मली तेव्हा कान जवळजवळ गेलेलेच होते. पाळीवरून आली की ती पाळण्यात वाकून बघायची. तोंड लाल दिसलं, मुठी वळलेल्या दिसल्या की रडतेय असं समजायची आणि उचलायची. आपल्या पोरीचं रडणं तिने बघितलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं. असं असेल का ते? इतकं गोड असेल? तिच्या डोळ्यांना धार लागली. एवढं सगळं माझ्या हातून गेलं, असं तिला वाटलं आणि मागांचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदाच.

पण बाळाला तिच्या रागाशी काय देणंघेणं? ते आता हट्टाला पेटलं होतं. मावशी डोळे पुसत उठली, पाळण्याशी वाकली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आले रे राजा, ऐकलं मी."

आत लेक झोपलेलीच होती.