नमुन्याची मिरची

पडदेवाल्या काकूंना राग आला की त्या बोलत नाहीत, त्यांची भांडी बोलतात. त्या रविवारी तर भांडी सकाळपासून नुसती कोकलत होती. शेजाऱ्यांनी आपापले टीव्ही बारीक केले. फुकटातला कार्यक्रम कोण सोडतो?

रागाचं कारण सोफ्यावर पेपर वाचत बसलं होतं. काका. बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. मालाच्या प्रत्येक खेपेतली एक बाटली फोडून बघायची आणि बाकीच्यांवर शिक्का मारायचा, यात त्यांची उभी नोकरी गेली. माणूस निवृत्त झाला, हाताची खुमखुमी काही निवृत्त होईना. घरात फोडायला बाटल्या नव्हत्या, तेव्हा नजर गेली काकूंच्या ओव्हनवर.

काकू आठवडाभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायच्या आणि रविवारी ढोबळ्या मिरच्या भरून भाजायच्या. देठाकडून टोपी कापायची, बिया काढायच्या, आत अर्धा कच्चा भात, परतलेला कांदा, मशरूम, वर चीज. टोपी ज्या मिरचीची, त्याच मिरचीला. माणशी एक: काका, मुलगा, सून आणि स्वतः काकू. ट्रे बाहेर काढायची वेळ झाली की काका सुरी घेऊन हजर.

"एक नमुना बघू दे."

ओव्हनच्या दाराजवळच्या मिरचीचं पोट फाडायचं, शीत चावायचं, मान डोलवायची. "पास!"

मग तीन ताटांत तीन मिरच्या टोप्या घालून ऐटीत बसायच्या आणि चौथ्या ताटात पडायचा लगदा. चौथं ताट कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको.

"आई, आज फुटकी मी घेते," सून एकदा म्हणाली होती.

"तू गप जेव."

त्यावर काका हसत म्हणाले होते, "पोटात जाऊन सगळ्याचा लगदाच होतो की!" ते वाक्य काकूंनी गिळलं, पण पचलं नाही.

त्या रविवारी त्यांनी भाजीवाल्याची अर्धी टोपली उपसून स्वतःसाठी एक लाल मिरची आणली. टेकवली की पाटासारखी सरळ बसणारी. एकदा तरी आख्खी मिरची आपल्या ताटात पडावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. काका पुढचीच फाडतात म्हणून तिला ट्रेमध्ये पार मागे बसवलं.

चीज वितळायला लागलं तसे काका सुरी पुसत आले. दार उघडून वाकले.

"आज मागची बघतो. पुढचीवरून मागचं काय कळणार? ती लाल."

"खबरदार!"

पलीकडच्या घरात कोणाच्या तरी हातून चमचा पडला.

"अगं, नमुना..."

"नमुना तुम्ही! इतकी वर्षं फाटकं माझ्या ताटात घालताय आणि वर पास म्हणताय? मी काय नापास मालाची बादली आहे?"

"पण न तपासता खायचं कसं?"

"तोंडाने! लग्नाच्या वेळी कुठे फाडून बघितलं होतंत मला?"

मुलाला ठसका लागला. काकूंनी काकांना कोपरानं बाजूला सारलं, ट्रे ओढला आणि चारही मिरच्या धाडधाड वाढल्या.

पहिल्याच घासाला सगळ्यांच्या तोंडात कचकच झाली.  काकांनी चमचा खाली ठेवला आणि ते छताकडे बघू लागले.

"तोंड आवरा तुमचं," काकू म्हणाल्या.

"मी कुठे काय बोललो?"

"आई, भात जरा चावतोय," मुलगा हळूच म्हणाला. सुनेनं तिघांच्या मिरच्या उचलून परत ट्रेमध्ये ठेवल्या आणि सासूच्या ताटाकडे हात नेला. काकूंनी ताटावर हात आडवा धरला.

"आई, कच्ची आहे हो."

"असू दे. आख्खी आहे."

त्यांनी टोपी उचलून कडेला ठेवली आणि काकांच्या डोळ्यांत डोळे घालून एकेक शीत कडाकड चावायला सुरुवात केली. सुनेनं ट्रे परत ओव्हनमध्ये सरकवला आणि तिघं रिकाम्या ताटांपुढे बसून बघत राहिले. थोड्या वेळानं काकांनी ओव्हनकडे बघत हळूच खुर्ची मागे सरकवली.

"बसा," काकू म्हणाल्या.

काका बसले.