येळ आसा

पाटावर मांडी घातली की माझे शेजारी आधी डावा हात गुडघ्यावर ऐसपैस टाकत, आणि कुणी घाई केली की म्हणत, "येळ आसा रे, येळ आसा." गिरणीत कापड विणायचे साचे चालवणारा माणूस इतका निवांत कसा, हे कोडं मला कधी सुटलं नाही. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याबरोबर कुठे निघायचं म्हणजे घामाघूम आपण व्हायचं.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एका तरुण विधवा बाईंची खानावळ होती. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून, ते साचेखात्यात. वरच्या मजल्यावर शेजारशेजारच्या खोल्यांत आम्ही दोघे सडेफटिंग, आणि जेवायला खाली. बाईंना सगळे वहिनी म्हणत. हे एकटे नुसतं "ओ" म्हणत. त्यावरून जे ओळखायचं ते आम्ही ओळखलं होतं. वहिनींनी मात्र ओळखलं नव्हतं, किंवा तसं दाखवत तरी होत्या.

दुपारपाळीच्या आधी हे जेवायला येत. शेवटचा भात कालवताना घसा खाकरत, वर बघत आणि म्हणत, "ओ, एक इचारूचां होतां..." इतक्यात गिरणीचा भोंगा होई. मग हा निवांत माणूस कसाबसा हात धुऊन दाराबाहेर! वर्षभर हेच चाललं होतं. मी चिडलो तर म्हणाले, "भोंगो झालो, मी काय करू?" माझी खात्री होती की ते भोंग्याचा अंदाज घेऊनच घसा खाकरतात.

त्यात वहिनींच्या भावाचा निरोप आला. पावसाची आगोट लागायच्या आत खानावळ मोडून बहिणीला कायमची गावी न्यायचं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, "आता तरी विचारा." ते म्हणाले, "येळ आसा." पण त्या दिवशी त्यांनी पानात भात टाकला.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. गिरण्या बंद. बाकीचे सभेला गेलेले, खानावळीत आम्ही दोघेच. मी उठायला हवं होतं हे खरं, पण सोलकढी उरली होती. यांनी नेहमीप्रमाणे भात कालवला, घसा खाकरला, "ओ, एक इचारूचां होतां," म्हणाले आणि थांबले. काहीच वाजलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात ताटात सुकू लागला.

"आज भोंगो वाजूचो नाय," वहिनी म्हणाल्या. "काय तां बोला."

"आपण लगीन केलां तर?"

वहिनींनी पदराने धरून चुलीवरचं पातेलं उतरवलं. "इचार करूक माका येळ होयो."

मग जी मजा झाली म्हणता! साऱ्या जगाला थोपवून धरणारा हा माणूस घटकेघटकेला माझ्या खोलीवर येऊन "किती वाजले?" विचारू लागला. एकदा तर माझ्या घड्याळाला कान लावून म्हणाले, "चलता मां ह्यां?" मला हसू आलं, पण जीवही कळवळला.

भाऊ आला त्या दिवशी वहिनींची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. ती पाहून हे आपल्या पाटावर जाऊन बसले. वहिनींनी सगळ्यांना वाढलं, भावालाही. मग आणखी एक पाट यांच्या शेजारी मांडला आणि स्वतःचं ताट घेऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना जेवताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

"दादा, पोटभर जेव," त्या म्हणाल्या. "आणि जेवन झालां की ती ट्रंक वर ह्यांच्या खोलीत नेवन ठेव."

आता दोघंही नाहीत. मला ते आठवतात ते त्या दिवशीचे, वहिनींना वाढायला ताटावरून उठून हातात भाताचा डाव घेतलेले. वहिनी "पुरे हो, पुरे" म्हणताहेत आणि हे वाढतच राहिलेत.