साठ व्होल्ट गेले कुठे?

“पहिले दोन आकडा सांग, मंग रड.”

आमच्या वायरमन आबांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विसरवाडीच्या चौफुलीवर सापडायचा नाही. माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानाची पायरी हेच त्यांचं ऑफिस. गिऱ्हाईक बंद पडलेली इस्त्री पोटाशी धरून यायचं, घरातलं आजारपण सांगावं तसं सांगू लागायचं, आणि आबा हात वर करून थांबवायचे. दोन आकडे म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर. ते गिऱ्हाइकाला कुठून ठाऊक असणार? मग आबाच मीटर लावायचे, आकडे डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहायचे आणि खुशीत म्हणायचे, “भाग तं अडथळा, गुण तं काम!”

म्हणजे व्होल्टला अँपिअरने भागलं की ती वस्तू विजेला किती ओहम अडवते ते कळतं, आणि दोन्ही गुणले की ती किती वॅटचं काम करते ते. इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचा रॉड, सगळ्यांना हाच कायदा. मोटारीपुढे मात्र ते नमतं घ्यायचे. “मोटारना हिशोब येगळा शे,” हे सांगायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

एकदा मी त्यांच्यामागे शहाणपणा केला. तारेभोवती चिमटा धरला की अँपिअर दाखवणारा त्यांचा मीटर शेगडीच्या वायरीला लावला. शेगडी लालबुंद, मीटर शून्य! मी दोन्ही तारा एकदम चिमट्यात धरल्या होत्या. आबा पोट धरून हसले. “आरे भाऊ, एक जाई ऱ्हायनी, एक यी ऱ्हायनी. दोन्हीसले धरशी तं मीटर काय सांगी?” जाणारी आणि येणारी वीज मीटरमध्ये एकमेकींना खोडते, म्हणून शून्य. पुढे महिनाभर हा किस्सा ते माझ्याच पायरीवर बसून, माझाच चहा पीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्या थंडीत डोंगराकडच्या एका पाड्यावरून रोशनी आली. तिने घरामागे कोंबडीच्या पिल्लांसाठी शेड घातली होती. पिल्लांना ऊब द्यायला हजार वॅटची शेगडी माझ्याकडूनच नेलेली. पहिली दीडशे पिल्लं आठवड्याच्या आत गारठून मेली.

“भाऊ, तुमची शेगडी खोटी आहे,” ती म्हणाली. आवाज भांडणाचा होता, पण डोळे भरले होते. सासू म्हणत होती, सुनेच्या हाताला यश नाही, शेड मोडा आणि शेळ्या बांधा. नवी पिल्लं दोन दिवसांत यायची होती. शेगडी चांगली निघाली, तर खोट सुनेत, असा घरचा निकाल झालेला. आणि खोटी निघाली, तर चौफुलीवर माझं नाव झालंच म्हणून समजा.

आबांनी पिशवी उचलली. “चाल, आकडा देखू.”

आम्ही पाड्यावर पोचलो. सासू अंगणात खाटेवर बसून सगळं पाहत होती. आबांनी शेडमध्ये शेगडी चालू करून मोजलं. एकशे साठ व्होल्ट, तीन अँपिअर. भागलं तर त्रेपन्न ओहम. शेगडी विकताना दुकानात मोजले होते तेही एवढेच. “कॉइल चांगली शे,” आबा म्हणाले. मी सुटलो, आणि सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. सासूने रोशनीकडे पाहिलं, रोशनीने जमिनीकडे.

मग आबांनी गुणलं. चारशे ऐंशी वॅट. हजाराच्या निम्मेसुद्धा नाहीत. ते उठून घरातल्या मीटरपाशी गेले. तिथे दोनशे वीस व्होल्ट होते. मग मधले साठ व्होल्ट गेले कुठे?

घरापासून शेडपर्यंतची वायर आंब्याच्या फांद्यांवरून गेली होती. ती आबांनीच ओढली होती. रोशनीला नव्या वायरीचा भुर्दंड नको, म्हणून आपल्या पिशवीतले जुने, बारीक तुकडे पिळून जोडले होते. चांगले सात जोड होते. वीज बंद करून त्यांनी एकेका जोडाला बोट लावलं. सगळे कोमट. तळहातावर पुन्हा लिहिलं. साठ भागिले तीन, वायरीचाच अडथळा वीस ओहम. साठ गुणिले तीन, वाटेतच जळालेले एकशे ऐंशी वॅट.

“एकशे ऐंशी वॅटनी ऊब मी आंबाले दी ऱ्हायनू,” ते म्हणाले. एरवी अशा वाक्यावर ते स्वतःच आधी हसले असते. मग खाटेकडे वळले. “माय, तुन्ही सूनना हात चांगला शे. शेगडी बी चांगली शे. वायर मी जोडी. पिल्लं मी मारात.”

त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पाड्यावर लाइटच कमी येते, एवढं म्हणाले असते तरी सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. मी तर सगळ्यात आधी.

त्याच दुपारी त्यांनी जाड, अखंड वायर ओढली. शेगडी चार अँपिअर घेऊ लागली. नवी पिल्लं जगली आणि शेड राहिली.

गेल्या वर्षी आबा गेले. तिसऱ्या दिवशी रनाळ्याला, त्यांच्या गावी, मी बसलो होतो. रोशनीची सासू दोन एसट्या बदलून एकटीच आली. घरच्यांनी विचारलं, बाई, तुम्ही कोण?

“याने आमच्या अंगणात उभं राहून सांगितलं, पिल्लं मी मारली म्हणून,” ती म्हणाली. “माझी सून वाचली. आपली चूक अशी न विचारता सांगणारा माणूस तुम्ही कोणी पाहिला आहे का?”

मी इतकी वर्षं दुकानात माणसंच पाहत आलोय. मी पाहिला होता, एकच. आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी मी उभा होतो, शेगडी चांगली निघाली म्हणून खूश होऊन.