अक्कांच्या चाळीस बॅगा

"बाहेरून सगळ्याच बरव्या दिसतात. आंत पाहूं दे."

अक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी सांगलीहून तमिळ मुलखात, वेलचेरीत नुकतीच राहायला आले होते आणि लिफ्टमध्ये उभी होते. या बाईंनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि तिचं अस्तर उलटं केलं. चुरगळलेली बिलं, कंगवा आणि अर्धा खाल्लेला पेरू लिफ्टभर झाला. अक्कांनी पट्ट्याची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली, "सहा महिने," असं निदान केलं आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेल्या. बॅग पाचव्या महिन्यात तुटली.

त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं बोलणं ऐकून मला सुरुवातीला वाटायचं, कुणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मधूनच तमिळमध्ये शिरतंय. माझी मराठी त्यांना पेपरातली वाटायची. आमचं जमलं मात्र लगेच.

आवडी नावाच्या उपनगरात एका सरकारी कचेरीत त्या कारकून होत्या. एकदा शेअर ऑटोत त्यांच्या बॅगेचा पट्टा तुटला आणि डब्यातलं सांबार शेजारच्या गृहस्थांच्या पांढऱ्या पँटवर गेलं. दुसरी कुणी असती तर माफी मागून नवी बॅग घेऊन मोकळी झाली असती. अक्का एका कारागिराकडे गेल्या आणि दर रविवारी चामडं कापायला शिकल्या. पट्टा का तुटतो, ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

अडचण घरात होती. अम्मांचं, म्हणजे त्यांच्या सासूबाईंचं, सोवळंओवळं कडक. चामडं घरात येता कामा नये. म्हणून बॅगा शिवायचं मशीन बाल्कनीत. अम्मा भांडत नसत, तशा शब्दानेही बोलत नसत. फक्त अक्का काम संपवून आत यायला निघाल्या की दाराशी पाण्याची बादली आणि धुतलेली साडी तयार असे. अकरा वर्षांत एकही दिवस ती चुकली नाही. अक्का हे हसत हसत सांगायच्या. एकदाच म्हणाल्या, "सगळं शहर माझी बॅग घेतं. तिनं एक वेळ हातांत धरली नाही." त्यानंतर बराच वेळ त्या एकच पट्टा घासत बसल्या. धंदा कितीही वाढला तरी त्यांना हवं होतं ते एवढंच, हे मला त्या दिवशी कळलं.

धंदा वाढतच होता. आधी कचेरीतल्या बायका, मग त्यांच्या नणंदा-जावा, मग कुठल्या कुठल्या ओळखी. नोकरी सोडून अक्कांनी आमच्याच इमारतीत तळमजला भाड्याने घेतला. वेलचेरीत तळमजला स्वस्त मिळतो, कारण पावसाळ्यात पाणीही तिथे राहायला येतं. मशिनं विटांवर चढवली, चामडं छताजवळच्या फळीवर गेलं, शिवायला चार बायका आल्या. नवा नमुना झाला की अक्का त्यात तांदूळ भरून पंधरा दिवस तो स्वतःच्या खांद्यावर वागवत. खांदा दुखला तर नमुना रद्द.

मग श्रीपेरुंबुदूरच्या एका कंपनीने पाहुण्यांना द्यायला चाळीस बॅगा मागितल्या. इतकी मोठी ऑर्डर पहिलीच. चामडं न रंगवलेलं, फिकट गव्हाळ. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला तरी खूण राहते. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी चाळीसही बॅगा टेबलावर तयार होत्या आणि दसरा झाला की टेम्पो येणार होता.

आपल्याकडे खंडेनवमी, तशी इथे आयुधपूजा. अवजारं पुसून त्यांना चंदन-कुंकू लावायचं, चुरमुरे-फुटाणे ठेवायचे आणि दिवसभर कामाला हात लावायचा नाही. पूजेच्या सकाळी नारळ राहिला म्हणून अक्का कोपऱ्यावर गेल्या होत्या. तेवढ्यात भिंतीला धरत धरत अम्मा खाली आल्या. त्या दारात त्या आजवर कधीच आल्या नव्हत्या. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. अम्मांनी माझ्या हातातली चंदनाची वाटी घेतली. मशिनांना लावलं, कात्र्यांना लावलं, आणि मग टेबलाकडे वळून पहिली बॅग डाव्या हातात धरली. ओल्या चंदनाचा टिळा, वर कुंकू, अगदी मधोमध. मग दुसरी. शिवणाऱ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी थांबवायला हवं होतं.

सातव्या बॅगेला अक्का दारात आल्या.

तो डाग जाणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेहतीस बॅगा अजून वाचवता आल्या असत्या. अक्कांनी नारळ खाली ठेवला. अम्मांना बसायला स्टूल दिलं, आठवी बॅग उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. मग नववी. चाळिसावीपर्यंत त्या एकामागून एक धरत राहिल्या आणि अम्मा प्रत्येक बॅग हातात घेत राहिल्या. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुकसानीचं नव्हतं हे तुम्हाला सांगायला नकोच.

कंपनीला त्यांनी फोनवर जे झालं ते तसंच सांगितलं. तिथले साहेब हसले. त्यांच्या कॉम्प्युटरलाही त्या दिवशी कुंकू लागलं होतंच. तीन आठवडे वाढवून मिळाले. सगळ्यांनी रविवारीही काम केलं. मीसुद्धा डिंक लावायला बसले आणि दुसऱ्या दिवशी मला प्रेमाने घरी पाठवण्यात आलं.

एवढी घाई कशाची, असं अम्मांनी विचारलं.

"अजून चाळीस पाहिजेत, अम्मा."

हे काही खोटं नव्हतं. अम्मांनी मान डोलावली. "मी हात लावले म्हणून," त्या म्हणाल्या.

"हो, अम्मा. म्हणूनच."

दुसऱ्या दिवसापासून अम्मा रोज खाली येऊन सुटलेले दोरे कापायला बसू लागल्या.

यंदा जागा पुरेना म्हणून अक्कांनी आवडीला मोठी शेड घेतली आणि घरही तिकडेच हलवलं. निघाल्या त्या सकाळी मी फाटकाशी उभी होते. मशिनं चढली, चामड्याच्या गुंडाळ्या चढल्या. अक्का मागच्या ऑटोत, आणि अम्मा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी ताठ बसलेल्या. मांडीवर त्या चाळिसांतली एक बॅग, डागाची बाजू लोकांना दिसेल अशी धरलेली.